जगदाळे मास्तरांचा रविवार

जगदाळे मास्तरांना बसलेलं पाहिलेला माणूस सांगलीत शोधूनही सापडला नसता. चहा ते उभ्याने घेत, हजेरी उभ्याने घेत आणि दाढी तर खोलीभर येरझाऱ्या घालत करत. त्यामुळे त्यांच्या हनुवटीवर कायम दोन-तीन ताज्या चिरा असायच्या. एकदा आमच्या प्रिन्सिपॉलांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. मास्तर खुर्चीभोवती फेऱ्या मारत बोलले आणि बोलणं संपताच तसेच बाहेर पडले. नजरेने त्यांचा पाठलाग करून प्रिन्सिपॉलांना मात्र चक्कर आली.

"बसलास की संपलास," हे मास्तरांचं पालुपद. वर्गात, मैदानावर, खानावळीत, कुठेही.

मास्तर मूळचे कोरेगावचे, पलटणीत हवालदार. लढाईत इटलीला गेले. तिथे शेजारच्या अमेरिकन छावणीत त्यांनी बास्केटबॉल पाहिला आणि खेळाचे नियम नि चार इंग्रजी शिव्या घेऊन परत आले. आमच्या कॉलेजात ते ड्रिलमास्तर म्हणून लागले तेव्हा या खेळाचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी मुरूम टाकून मैदान केलं आणि लोहाराला दोन कड्या करायला सांगितल्या. लोहाराने माप विचारलं, तर यांनी दोन्ही हात गोल करून दाखवले. कड्या खांबावर चढल्यावर कळलं, त्यातून चेंडू जेमतेम घासत जातो.

"ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. "जातोय न्हवं?"

वर्षभर त्या कड्यांनी आम्हाला रडकुंडीला आणलं. मग आम्ही कोल्हापूरला पहिली मॅच खेळायला गेलो. तिथली कडी पाहून आमच्या सेंटरने मला हळूच विचारलं, "ही कडी आहे की विहीर?" त्या वर्षी आम्ही समोर येईल त्याला धुऊन काढलं. पुढच्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. मास्तरांचं नाव सातारा-सांगलीकडे झालं आणि जुन्या कड्या बदलायची कुणाची छाती झाली नाही.

मॅचला लोक खेळ कमी आणि मास्तरांनाच जास्त पाहत. रेषेबाहेर त्यांची सारखी ये-जा चाललेली, तोंडाने "पाय, गड्या, पाय" चाललेलं. राखीव खेळाडूंनाही बाक नव्हतं. तेही त्यांच्या मागोमाग बदकांसारखे फिरत असत. एका पंचाने दरडावून बसायला सांगितलं, तेव्हा मास्तर चालता चालताच म्हणाले, "सायेब, माजं इंजान थांबलं की मागची समदी गाडी थांबती."

असा हा माणूस शनिवारी दुपारी गायब व्हायचा तो सोमवारी पहाटे मैदानावर उगवायचा. कुठे जातात, विचारायची सोय नव्हती. कुणी म्हणे कोंबड्यांच्या झुंजी लावतात, कुणी म्हणे दुसरा संसार आहे. मी तेव्हा संघाचा कप्तान होतो. दुसऱ्या संसाराची कल्पना माझीच होती, हे आज कबूल करायला लाज वाटते.

चौथ्या वर्षी फायनल साताऱ्याला ठरली, आणि नेमकी रविवारी. मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांचे पाय पहिल्यांदाच थबकले.

"रविवारी म्या न्हाई."

"मास्तर, फायनल आहे."

"तुमी हाय न्हवं? मग झालं तर," म्हणून ते चालू लागले.

मला संताप आला. तीन वर्षं आम्हाला घाण्याला जुंपलं आणि ऐन वेळी हे पाठ फिरवणार. रविवारी सकाळी मी संघाला साताऱ्यात सोडलं आणि निदान त्यांच्या गावी तरी पत्ता लागेल म्हणून सर्व्हिस मोटारीने कोरेगाव गाठलं. मनात होतं, उचलून आणावं लागलं तरी त्यांना आणायचंच. पाराजवळ एका म्हाताऱ्याला हवालदारांचं घर विचारलं.

"त्यो व्हय? त्या बोळात बगा. रविवारचा दिसभर दारात बसल्याला असतोय."

माझा विश्वास बसला नाही. पण खरंच, ओट्यावर घोंगडं अंथरलं होतं, त्यावर एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कमरेखाली चादर पांघरलेली. समोर मास्तर मांडी घालून शेंगा फोडत होते. त्यांचा गुडघासुद्धा हलत नव्हता.

"आलास व्हय," ते म्हणाले. "ही सारजा. आमची मंडळी."

बाईंनी मला न्याहाळलं. "ह्योच का कप्तान? चेंडू मारताना कोपर बाहीर काढतोय त्यो?"

मोटारीत घोकलेलं सगळं मी विसरलो. मूठभर शेंगा खाल्ल्या आणि निघालो. मास्तर मला पोचवायला बोळात आले, तसे त्यांचे पाय पुन्हा सुरू झाले.

"म्या इटलीत व्हतो. ही कडब्याच्या गंजीवरनं पडली. भावानं पत्र धाडलं, सारजा बसली ती उठंना. तवापास्नं मला कुटं बसवत न्हाई, गड्या. सहा दिस भावजय बगती हिचं. एक वार हिचा हाय."

फायनलला चला, असं मी म्हटलंच नाही.

दुपारची फायनल आम्ही एका बास्केटने हरलो. शेवटचा चेंडू माझ्या हातात होता. तो कडीच्या काठावर फिरला आणि बाहेर पडला. पोरं मास्तरांच्या नावाने बोटं मोडत होती. मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं, तेव्हा सेंटर म्हणाला, "मग हरल्याचं आपणच जाऊन सांगू."

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही दहाजण त्या ओट्यासमोर माना खाली घालून उभे राहिलो. मास्तर जागचे हलले नाहीत.

"हरलासा व्हय रं?" सारजाकाकूंनीच विचारलं.

"हो, काकू."

मास्तरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि घोंगड्यावर जागा केली.

"बसा रं."

कुणीच बसलं नाही. तीन वर्षांची सवय, सगळे उभ्याउभ्याच पाय हलवत होते.

"बसा की," मास्तर म्हणाले. "किती येळ मान वर करून बोलंल ती?"

आम्ही बसलो, काही घोंगड्यावर, काही खाली मातीत. काकूंची मान आता सरळ झाली. त्या माझ्याकडे वळल्या.

"कोपर बाहीर गेलं व्हतं का रं?"

"गेलं होतं, काकू," मी म्हणालो, आणि पहिल्या चेंडूपासून मॅच सांगायला लागलो.