साळवेकाकांचं मिक्सिन

इंदिरानगरातले आमचे शेजारी साळवेकाका नवा माणूस भेटला की नाव विचारत नसत. "कुणाकडून काय घेतलंस?" असं विचारत.

मी गेलो होतो आमच्या युनियनचं संगणकविरोधी पत्रक द्यायला. संगणक आला की कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, आणि काका सातपूरच्या कारखान्यात संगणक विभागात, म्हणजे शत्रूच. त्यांनी पत्रक शांतपणे वाचलं आणि अंगणातल्या फरशीवर खडूनं चौकटी काढल्या. वर बाप, खाली मुलगा.

"बापाला येतं ते मुलाला आपोआप येतं, हा वारसा. तुझं नाक. आता तुझं हे भांडणं," त्यांनी बाजूला छोटी चौकट काढली, "ना आईचं, ना बापाचं. वरून मिसळलंय. प्रोग्रामिंगच्या एका नव्या भाषेत मिक्सिन म्हणतात याला. कुणालाही जोडता येतं, नातं लागत नाही."

गंमत म्हणजे ही नव्या पद्धतीची प्रोग्रामिंगची भाषा त्यांच्या कारखान्यातल्या संगणकावर चालतच नव्हती. झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून काका ती फरशीवर चालवत. काकू म्हणत, फरशी पुसायचं तेवढं शिकवा त्या भाषेला.

छाया ही काकूंची, निफाडच्या वारलेल्या पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. तिला गणित, पोहणं, शिट्टी मारणं काकांनी शिकवलं. "वारसा निफाडचा, मिक्सिन माझं," असं ते कौतुकानं सांगत.

काकू काविळीनं गेल्या. लगेच निफाडहून छायाचा चुलता आला.

"पोरगी आमच्या भावाची हाय. रक्त आमचं हाय. तुमचं काय हाय तिच्यात?"

कागदावर ते तिचे कुणीच नव्हते. कायद्याला रक्त तेवढं दिसतं. अंगाखांद्यावर वाढवलेलं पोर दिसत नाही. आंधळा कायदा!

मी म्हटलं, निफाडात मोर्चा नेऊ.

"नको रे. तिचं नाव चारचौघांच्या तोंडी होईल. तिला तिथंच राहायचंय."

छाया चुलत्याबरोबर निफाडला गेली. मग कॉलनीतले लोक काकांना म्हणू लागले, वय गेलेलं नाही, लग्न करा, स्वतःचं मूल होईल. काका नुसते हसत. एकदा मला म्हणाले, "प्रोग्राममध्ये एखादी वस्तू अशी असते की ती एकच. कितीदाही नवी मागा, तीच हातात येते. सिंगलटन."

अंगणातल्या छायाच्या सायकलीकडे बघत पुढं म्हणाले,

"मी नवं मूल मागितलं, तरी छायाच येणार. आणि ती तर तिकडं आहे."

मग उठले आणि पंप घेऊन तिच्या सायकलीत हवा भरायला बसले.