सतरा साती एकशे सव्वीस

भागाकार माणसानं करू नये, यंत्रानं करावा, आणि यंत्राची बटनं श्रावण तायड्यांनी दाबावीत, हे भातकुलीत सगळ्यांनी मान्य केलं होतं. म्हणजे श्रावणरावांनी ते मान्य करून घेतलं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, चष्मा नसे, पण सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र तान्ह्या लेकरासारखं कायम छातीशी धरलेलं. टपरीवर चहा पिताना ते उजवा अंगठा वर करून सांगत, "सात पूल गेले या अंगठ्याखालून."

ते खोटं नव्हतं. अकोल्याला बांधकामाच्या कचेरीत त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती आणि सात पुलांच्या फायली खरोखर त्यांच्या अंगठ्याखालून गेल्या होत्या. शिक्का मारताना कागद अंगठ्यानं दाबून धरावा लागतो ना! ते हेडक्लार्क होते. गाव त्यांना 'इंजिनेर साहेब' म्हणायचं. गावाची ही चूक दुरुस्त करायला श्रावणरावांना तेहेतीस वर्षांत काही सवड झाली नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी घरावर एक मोठी खोली चढवली. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी फुकट अभ्यासिका. हेतू चांगला होता, पुस्तकं आली होती, पंखे लागले होते. राहिला होता फक्त बाहेरून वर जाणारा जिना. तो बांधायला पिंटू मिस्त्री आला.

पिंटू नावाचाच पिंटू, वय पंचेचाळीस. रोज सकाळी पहिल्या बसनं अमरावतीला जायचं, मजुरांच्या चौकात उभं राहायचं आणि कोणी नेतो का याची वाट पाहायची, असे त्याचे दिवस चालले होते. पण आता गावात दोन मजली विहार बांधायचं ठरलं होतं, आणि समितीच्या अध्यक्ष दुर्गाबाई त्याला बोलल्या होत्या, साहेबाच्या घरचा जिना पाहतो, मग तुझं ठरवतो. विहाराचं काम म्हणजे वर्षभर गावातच रोजी आणि दुपारी घरची गरम भाकर. पिंटूसाठी हा जिना म्हणजे परीक्षाच होती.

त्यानं वरून सुतळी सोडून उंची घेतली. साडेदहा फूट. म्हणजे एकशे सव्वीस इंच.

"अठरा पायऱ्या करू, साहेब."

"काहून अठरा?"

"इंद्र, यम, राजा असं मोजत जा लागते. शेवटची पायरी राजावर आली पाह्यजे. सतरा केल्या त यमावर येते."

झालं! श्रावणरावांच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्या आज्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन इंद्र, यम आणि त्यांचं अख्खं खटलं सोडलं, आणि तू अभ्यासिकेच्या जिन्यावर यमाला परत आणून बसवतो? लाज नाही वाटत? पाऊण तास ते बोलले. पिंटू मान खाली घालून सुतळी गुंडाळत राहिला.

"सतराच होतीन," साहेबांनी निकाल दिला. "यमाच्या टाळक्यावर पाय देऊन पोरं वर जातीन."

तत्त्व सोळा आणे खरं होतं. पण तत्त्व खरं असलं की माणसाला माप घ्यायची गरज वाटत नाही, हा आपल्या लोकांचा जुना रोग आहे.

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढलं, फुंकर मारली आणि एकेक बटन असं दाबलं की जणू क्षेपणास्त्रच सोडून राहिले. एकशे सव्वीस भागिले सतरा. पडद्यावर आलं, सात.

"पाह्य. पूर्ण सात इंचाची एक पायरी. ना कमी ना जास्त."

पिंटूनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "साहेब, सतरा साती एकशे एकोणीस होते. सात इंच उरते."

रेती चाळणारे दोन मजूर थांबले. श्रावणरावांच्या आतही कुठंतरी शाळेतले गुरुजी उठून उभे राहिले आणि छडी आपटून म्हणाले, एकशे एकोणीस! पण गुरुजी जाऊन जमाना झाला होता आणि यंत्र हातात होतं. साहेबांनी त्या सातालाच सतरानं गुणलं. पडद्यावर आलं, एकशे सव्वीस.

त्यांनी ते मजुरांना दाखवलं, पिंटूच्या डोळ्यांपुढे धरलं, दारात उभ्या असलेल्या मायाताईंनाही दाखवलं. माया त्यांची बायको. तिनं या यंत्राकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं आणि आत गेली.

"आता बोल. तुहा पाढा खरा का मशीन खरी?"

एक मजूर फिस्कन हसला. पिंटू पडद्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते, बिचारा सतराचा पाढा पहिल्यापासून म्हणून पाहत होता. शेवटी म्हणाला, "मशीन दाखवते त असन बाप्पा."

अशा रीतीनं सतराचा पाढा जगाच्या पाठीवर पहिल्यांदा चुकला. भातकुलीत चुकला. दोन साक्षीदारांसमक्ष चुकला!

तरी पिंटूनं जाता जाता विनवलं, एकदा दोरी धरून पाहू. साहेब म्हणाले, दोरी बकरीला बांध. भिंतीवर सात-सात इंचाच्या खुणा त्यांनी स्वतः पेन्सिलीनं केल्या. सोळावी पायरी मुद्दाम दोन फूट रुंद ठेवायला लावली, म्हणजे पोरं तिथं चपला काढतील आणि सतरावी चढून अनवाणी आत जातील. स्लॅब पडला. फळ्या निघाल्या. सोळा पायऱ्या शाळेच्या रांगेसारख्या एका मापाच्या, आणि सतरावी? सतरावी म्हणजे ओटाच. मोजून चौदा इंच. श्रावणरावांनी ती पाहिली आणि मनाला समजावलं की खालची पायरी रुंद आहे, म्हणून वरची उंच वाटते. पिंटू त्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. त्याचा पाढाच चुकला होता, तो काय बोलणार?

उद्घाटनाच्या दिवशी अख्खी विहार समिती आली. दुर्गाबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, हातात मेणबत्त्यांचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं. मागं समितीचा अनुप खिरीचं पातेलं घेऊन. त्याच्या मागं श्रावणरावांची ऐंशीच्या घरातली आई, सुंदराबाई, नातेवाइकांच्या आधारानं.

आता पाय हा मोठा हिशेबी प्राणी असतो. सोळा पायऱ्या सात-सात इंच चढला की तो सतरावीलाही सातच इंच उचलतो, विचारत नाही. दुर्गाबाईंचा पाय सातच इंच उचलला गेला. अभ्यासिकेत पहिला प्रवेश त्यांनी पोटावर केला. ताट खणखणत खिडकीपर्यंत गेलं. "अरे, बाईले धरा," म्हणत अनुप धावला आणि त्याच्या पायानंही तोच हिशेब केला. पातेलं सुटलं. खीर सतरावीवरून सोळावीवर आली, चपलांमधून वाट काढत पंधरावीवर, मग चौदावीवर, अशी एकेक पायरी मोजत, न चुकता, खाली अंगणात उतरली. त्या दिवशी त्या जिन्यावरून सुखरूप उतरणारी ती एकटीच.

सुंदराबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि चपलांच्या ढिगाशेजारी फतकल मारली. "मी इथंच बसतो. वरतं गेली त खाली आनाले चौघं लागतीन."

कोणाला मोठं लागलं नाही. दुर्गाबाईंचा गुडघा सोलला होता. त्या भिंतीला धरून उठल्या, लुगडं झटकलं आणि पिंटूला हाक मारली.

"असंच विहाराचं करशील का रे? तिथं म्हातारेकोतारे येतीन वंदनेले."

पिंटूनं साहेबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. एवढ्यात अंगणातून कोणीतरी पायऱ्या मोजल्या, आणि इंद्र, यम, राजा करत सतरावी बरोबर यमावर आली. झाली कुजबुज सुरू. ज्या घरातून छप्पन सालची गोष्ट रोज ऐकू यायची, त्याच घरात यम पायरी करून बसला होता!

श्रावणरावांच्या गळ्यापर्यंत आलं होतं, की खुणा मी केल्या. पण समोर अख्खं गाव होतं, आणि गावाचा इंजिनेर एकच होता. त्यांचा आवाज आला तो असा, "मिस्त्रीचं माप चुकलं असन."

एवढंच. चार शब्द. पिंटूनं थापी आणि ओळंबा पिशवीत घातला आणि न जेवता घरी गेला.

संध्याकाळी पुतणी प्रणाली, जी अमरावतीला पॉलिटेक्निकला होती, काकांचं कॅल्क्युलेटर घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठे बाबा, एक भागिले दोन तुमचं मशीन एकच दाखवून राहिलं."

"असं कसं?"

"आन एक भागिले तीन शून्य. म्हंजे एक भाकर दोघांत वाटली त दोघांले एकेक पूर्ण, आन तिघांत वाटली त सगळे उपाशी." तिनं कोपऱ्यातलं बारीक 'फिक्स' अक्षर दाखवलं. "कोन्तरी याचे दशांश बंद करून ठेवले. एकशे सव्वीस भागिले सतरा म्हंजे सात पॉइंट एक्केचाळीस. हे दाखवते सात, पन पॉइंट एक्केचाळीस पोटात ठेवते. गुनलं की पोटातलं काढते, म्हनून एकशे सव्वीस परत येते. ते खोटं नाही बोलत. तोंडावर अर्धं सांगते, बस."

माया भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेहेतीस वर्षं यांच्या खिशात काढले त्यानं. शिकनच ना."

श्रावणरावांना आठवलं. अकोल्याला एका नव्या पोरसवदा क्लार्कला त्यांनीच दरडावलं होतं, या आकड्यांच्या मागच्या शेपट्या मला नको, कापून टाक. त्यानं कापल्या. तेव्हापासून साहेबांच्या आयुष्यात सगळं पूर्ण होतं. अर्धंमुर्धं काही उरतच नव्हतं.

सकाळी ते पिंटूच्या घरी गेले. तो पहिल्या बसनं अमरावतीला गेला होता. दुसऱ्या बसनं हेही गेले. मजुरांच्या चौकात इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. दोन मिनिटांत एक ठेकेदार मोटरसायकल थांबवून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाला, "बुढेबाबा, तुमच्यानं विटा नाही होनार. चौकीदारी करता का?"

पलीकडे पिंटू उभा होता. त्यानं ऐकलं, पण हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

श्रावणरावांनी त्याला सगळं सांगितलं. सतराचा पाढा बरोबर आहे, एकशे एकोणीसच होतात, चूक माझी. पिंटू शांतपणे म्हणाला, "मले कायले सांगता? मले त पहिलेच मालूम होतं. दुर्गाबाईले सांगा."

म्हणून त्याच दिवशी दुपारी समितीपुढं ते उभे राहिले. खुणा मी केल्या, भागाकार मी केला, पिंटूनं दोनदा सांगितलं आणि दोनदा मी त्याचा अपमान केला, असं सगळं बोलले. दुर्गाबाई सोललेल्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या.

"पन तुमी त इंजिनेर ना, भाऊ?"

आता शेपूट कापायला क्लार्क नव्हता. "नाही, बाई. मी हेडक्लार्क होतो."

मग कोपऱ्यातून सुंदराबाईंचा आवाज आला, "मले त तू इंजिनेर म्हनून सांगतलं होतं."

काम पिंटूला मिळालं. ठरावात एक ओळ जास्तीची होती : बांधकामाच्या जागी साहेबांनी चहा प्यायला यावं, खिशात काही घेऊन येऊ नये.

आधी त्यानं साहेबांचा जिना दुरुस्त केला. फार काही केलं नाही. रुंद सोळावीच्या अर्ध्या भागावर सात इंचाची एक पायरी बांधली, आणि चौदाचे सात नि सात झाले. श्रावणराव खाली उभे राहून मोजत होते. अठरा झाल्या. सगळ्या सात इंचाच्या. अठरा साती एकशे सव्वीस.

"पिंटू, एक विचारू? तू खरंच मानतो का रे ते, इंद्र, यम, राजा?"

पिंटूनं खिशातून सुतळी काढली. साडेदहा फुटांची सुतळी आधी दुमडून दोन केली, मग त्याचे तीन भाग, मग परत तीन. दोन त्रिक सहा, सहा त्रिक अठरा. हातात सात इंचाची जुडी उरली. "सतराच्या घड्या दोरीले पडत नाही, साहेब. अठराच्या पडते. बस, इतकंच हाय. यम मी घरमालकाले सांगतो. मिस्त्रीचं गनित कोनी ऐकत नाही, यमाचं सगळे ऐकते."

"अरे, मग मले दोरीचंच सांगायचं ना."

पिंटूनं सुतळी परत गुंडाळली. "तुमाले दोरीचं सांगतलं असतं, त तुमी मले भागाकार शिकोला असता."

श्रावणरावांनी मान डोलावली. पोटात ठेवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, शून्य पॉइंट एक्केचाळीससुद्धा नाही.