नायिकेची खिडकी

प्राध्यापकांनी ती थोर कादंबरी आयुष्यभर शिकवली होती आणि कधीही वाचली नव्हती. यात गैर काहीच नव्हतं. त्यांच्या सरांनीही वाचली नव्हती. सरांनी नोट्स दिल्या, त्या यांनी पुढे दिल्या. शेवटी नायिका किल्ल्याच्या खिडकीतून नदीत उडी घेते, हे सांगताना त्यांचा गळा मात्र दरवर्षी न चुकता दाटून यायचा.

आता नदीकाठच्या त्याच किल्ल्यावर, त्याच खिडकीचं उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायचं होतं. शिवाय 'आजीव साहित्य सल्लागार' हे पदही मिळायचं होतं. घोडं अडलं होतं ते बायकोपाशी. नवऱ्याचं एवढं लाडकं पुस्तक, निदान एकदा वाचून तरी जावं, म्हणून तिने ते वाटेतच वाचायला घेतलं होतं. नावेत बसल्यावर प्राध्यापकांचं नदीकडे लक्षच लागेना. बायकोच्या हातातली उरलेली पानं कमी होत चालली, तसे ते ती मनातल्या मनात मोजू लागले. डोळे दुखतील, असं त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं. तिने पान उलटलं.

धक्क्यावर किल्ल्याचा व्यवस्थापक हात जोडून उभा होता. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. पायऱ्या चढता चढता त्याने झाल्या कामाचा आढावा सादर केला. लेखक इथे आठवडाभर राहिले आणि सर्दी घेऊन गेले, यापलीकडे पुरावा नाही. नदीच्या बाजूला खिडकी मुळातच नव्हती. पण सरांच्या हाताखालून गेलेले लोक येत, खिडकी शोधत आणि तक्रार करून जात. सबब लोकभावनेचा मान राखून खात्याने बुरुजाची भिंत फोडली. मग लक्षात आलं, की खाली अंगण आहे आणि उडी फरशीवर पडते. त्याने शोकान्तिकेचा दर्जा खालावतो, असं समितीचं मत पडलं, म्हणून अंगण खोदून नदी आत घेतली. तेव्हापासून पाया भिजतोय आणि बुरूज कलतोय.

"लोकांना तो दुःखाने वाकल्यासारखा वाटतो, सर," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाला.

वर फीत बांधलेली होती, पाहुणे जमलेले होते. प्राध्यापकांनी कात्री हातात घेतली आणि बायकोने पुस्तक मिटलं.

"अहो, ही उडी मारतच नाही. चांगली म्हातारी होते. शेवटच्या पानावर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसलीय."

प्राध्यापकांनी फितीची गाठ तपासायला घेतली. बायको त्यांच्याकडे बघत होती. रागावली असती तर परवडलं असतं. तिला त्यांची कीव आली होती, आणि तेच फार झोंबलं.

"वाचलीच नाहीत ना तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

खरं सांगून टाकावं, असं त्यांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं. पण तेवढ्यात व्यवस्थापक पुढे झाला. चूक निदर्शनास आणल्याबद्दल त्याने बाईंचे आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, अशी ग्वाही दिली.

"कशाची दुरुस्ती? नोट्सची?"

"पुस्तकाची. ती उडी मारेल, मॅडम. एवढा बुरूज वाकवलाय आम्ही. प्रस्तावना सरच लिहितील."

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी फीत कापली आणि सवयीने त्यांचा गळा दाटून आला. इथे कुणीतरी वाचली असेलच ना, असं बायकोने पाहुण्यांना विचारलं, तर सगळे एकदम नदीची शोभा बघू लागले.

आणि वाचकहो, तुम्ही कशाला हसताय? मघापासून 'हो हो, तीच ती' म्हणून मान डोलावताय. कादंबरीचं नाव तरी विचारलंत का?