अकरा मोसंब्यांचा गुरू

वाल्मिकने पृथ्वीसाठी मोसंबी निवडली आणि चूक तिथेच झाली.

धनश्रीच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ग्रह खऱ्या प्रमाणात दाखवायचे होते. गेल्या वर्षी तिचा पहिला क्रमांक थोडक्यात हुकला होता, म्हणून यंदा बापानेच मनावर घेतले. लिंबायतच्या लूमवर वीस वर्षे कापडाची रुंदी सांभाळलेला माणूस. मापात तो देवालाही सूट देत नसे. गुरू पृथ्वीच्या अकरापट रुंद, असे पुस्तकात होते. त्याने बांबूच्या कामट्यांवर कापड ताणून नेमका अकरा मोसंब्यांचा गुरू खोलीतच उभारला.

सकाळी नऊ वाजता तो दारात अडकला.

"दार मोजेल व्हतं का?" लग्नाच्या ऑर्डरचे मांडे खापरावर भाजणाऱ्या त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी विचारले.

वाल्मिकने आतून रेटा लावला. बाहेरून शेजारचा रिक्षावाला सुपडू ओढू लागला. "दादा, जरा तिरपा करा ना."

"गोल वस्तू तिरपी कशी करतात, ते तूच दाखव."

कडाड आवाज झाला आणि गुरू गोधडीसारखा सुपडूच्या अंगावर पसरला.

"पप्पा, सूर्य तर अजून बाकीच आहे," धनश्री रडवेल्या आवाजात म्हणाली. "पृथ्वीच्या एकशे नऊ पट."

वाल्मिकने मनात एकशे नऊ मोसंब्या मांडल्या. गल्ली अपुरी पडली.

"मंग पृथ्वीच धाकली करा ना," म्हणत प्रमिलाबाईंनी तुरीचा एक दाणा त्याच्यापुढे टाकला.

दाणा भरला सहा मिलिमीटर. एकशे नऊने गुणून वाल्मिक थबकला, सावकाश खापराकडे वळला आणि नुकत्याच उतरवलेल्या मांड्यावर त्याने टेप धरली. पासष्ट सेंटीमीटर आणि वर किंचित.

मग घरात धावपळ उडाली. काल रात्रीपर्यंत पृथ्वी असलेली मोसंबी आता गुरू झाली. कांदा शनी, दोन सुपाऱ्या युरेनस-नेपच्यून, तुरीचा दुसरा दाणा शुक्र, ज्वारी मंगळ, मोहरी बुध. पार्सलच्या पुठ्ठ्यावर पसरलेला सूर्य मांडीवर घेऊन धनश्री रिक्षात बसली.

"आ सूरज कोणे बनाव्यो?" परीक्षक बाईंनी गुजरातीत विचारले.

"माझ्या आईनं. अजून गरम आहे."

निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक धनश्रीचा होता आणि सूर्य अर्धाच उरला होता.

संध्याकाळी वाल्मिक हातभर ढाल घेऊन दाराशी उभा राहिला.

"घरमा या ना," आतून प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्याने खिशातून टेप काढली, आधी ढाल मोजली, मग दार मोजले आणि मगच आत पाऊल टाकले.