विरोधी उमेदवार हवा आहे

दर गुरुवारी चार ते सहा या वेळात सेम्योनकाका टाय लावून आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये बसतात आणि जनतेच्या तक्रारी ऐकतात. जनतेने त्यांना हे काम दिलेलं नाही. ड्रायरशेजारी घडीचं टेबल, त्यावर वही, समोर जनतेसाठी खुर्ची. मी पहिल्यांदा कपडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी उठून तक्रार विचारली. मला अनोळखी माणसाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लुकलुकतो.

"प्रोटोकॉलमध्ये घेतो," ते गंभीरपणे म्हणाले आणि वहीत नोंद केली. आठवड्यात दिवा बदलला. मॅनेजरला त्यांनी रोज एक पत्र पाठवलं होतं.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या या बिल्डिंगमध्ये बाकी सगळे माझ्यासारखे लॅपटॉपवाले. राजकारणी एकटे काका. सायबेरियातल्या एका शहरात ते आधी नगरपरिषदेत आणि मग प्रांताच्या विधानसभेत होते. विषय आयुष्यभर एकच, घरं गरम ठेवणारे पाइप. पहिल्या निवडणुकीत हितचिंतकांनी सुचवलं, आडनाव ज्यू आहे, बायकोचं लावा. काकांनी पोस्टरवर आडनाव दुप्पट मोठं छापलं आणि खाली लिहिलं, 'पाइप आडनाव बघून फुटत नाहीत.' निवडून आले. पुढे पाइप फुटला की लोक आधी त्यांना शिव्या द्यायचे, मग चहा. म्हातारपणी मुलाकडे इथे आले. मुलगा नोकरीसाठी टेक्सासला गेला, काका राहिले. इथे कोणी शिव्याही देत नाही, ही तक्रार त्यांनी स्वतःच वहीत नोंदवली आहे.

यंदा मॅनेजमेंटने भाडेकरूंचा एक प्रतिनिधी निवडायचं ठरवलं. सारखी बंद पडणारी लिफ्ट त्याच्याशी बोलून बदलणार होते. काकांनी त्याच तासाला अर्ज भरला आणि आनंदाच्या भरात चार मजले दोनदा चढले. मुदत संपत आली तरी दुसरा अर्ज नव्हता. मॅनेजर म्हणाली, अभिनंदन, बिनविरोध. काकांचा चेहरा पडला. एकच नाव असलेल्या मतपत्रिका त्यांनी तरुणपणी, सोव्हिएत काळात, खूप पाहिल्या होत्या.

माझं दार वाजलं. "केतकी, तू माझ्याविरुद्ध उभी राहा."

"काका, मला मीटिंगमध्ये कॅमेरा ऑन करायची भीती वाटते."

"म्हणूनच. बडबड्यांना लोक कंटाळलेत."

मुदत संपायच्या आत त्यांनी माझा अर्ज भरून घेतला, मग ते मला घेऊन दारोदार फिरले. दार दोनदा वाजवायचं, एक पाऊल मागे यायचं, आधी बाळाचं नाव विचारायचं, मग मत. ते आधी माझं कौतुक करायचे, मग स्वतःचं, थोडं जास्त. दुसऱ्या मजल्यावरचा नागपूरचा निखिल म्हणाला, "यार, तुम्ही दोघं नक्की एकमेकांच्या विरोधात आहात ना?"

"प्रचंड," काका दुखावल्या स्वरात म्हणाले.

चौथ्या दारापासून मीच बोलायला लागले. लिफ्टवर मला इतकं काही बोलायचं होतं हे मलाच माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, तू ओरडतेयस का?

शनिवारी संध्याकाळी लाँड्री रूममध्ये मतमोजणी झाली. ड्रायर बंद, सगळे उभे. काकांचे ओठ आकडे मोजत होते. ही निवडणूक त्यांना किती हवी होती ते त्या ओठांवर दिसत होतं. अकरा-अकरा. शेवटच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं. माझं स्वतःचं मत मी काकांना दिलं होतं.

क्षणभर ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग माझा हात वर केला आणि मला ओढतच आपल्या घरी घेऊन गेले. सायबेरियात सकाळ झाली होती. त्यांना ओलेगला फोन लावायचा होता. हा ओलेग आयुष्यभर त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. तिकडे नावाला जोडून वडिलांचं नाव घेतात; काकांच्या वडिलांचं ज्यू नाव तो भर सभेत मुद्दाम ओरडून घ्यायचा.

"मग त्याला कशाला सांगताय?" मी विचारलं.

"मी कोण होतो हे आठवणारा तो एकच उरलाय."

फोन स्पीकरवर होता. काका मला एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत होते. एका मताने हरलो. कोणाकडून? एका लाजाळू मुलीकडून. ओलेग इतका हसला की त्याला खोकला लागला. मग त्याने हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?"

"विचारतोय, मी मत कुणाला दिलं."

त्यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी फोनमध्ये माझं नाव सांगितलं. पलीकडे ओलेगने ते सावकाश, नीट उच्चारून पाहिलं.