झाडं उपटणारे हमीदभाई

ऑगस्टचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम चोवीस हजार रुपये. हजर : अध्यक्ष पाटील, दोन विश्वस्त, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांच्याकडून ही रक्कम वसूल करायची होती ते हमीदभाई. आमचा न्यास जमिनी आणि त्यांच्यावरचा निसर्ग राखण्यासाठी आहे. त्याच न्यासाच्या संस्थापकांवर, म्हणजे हमीदभाईंवर, आरोप होता की त्यांनी न्यासाची चारशे झाडं उपटली.

हमीदभाईंनी आरोप नाकारला नाही. फक्त दुरुस्त केला.

"चारशे न्हाय, तीनशे अठ्ठ्याण्णव. दोन आधीच मेली हुती."

एका रोपाला वाहतुकीसह साठ रुपये, तेव्हा वसुली तेवीस हजार आठशे ऐंशी होते, हे मी लगेच सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू झाडं मीच उपटली होती.

हमीदभाईंचं गंगावेशीत चष्म्याचं दुकान आहे. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत त्यांनी एकच प्रश्न विचारला : "ह्ये बरं का त्ये बरं?" तो प्रश्न दुकान बंद झालं तरी बंद व्हायचा नाही. भाजीवालीसमोर दोन दोडके धरून तोच, न्यासाच्या बैठकीत दोन ठराव पुढे आले की तोच. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी तिच्यापुढे दोन मुलांचे फोटो धरले. ती म्हणाली, अब्बा, दोन्ही अंधूक दिसतात. मग तिसरा आणला. तो तिला स्पष्ट दिसला. आता ती जयसिंगपूरला असते, आणि बायको वारल्यापासून हमीदभाई एकटेच.

पण त्यांचं खरं वेड गगनबावड्याच्या वाटेवरचा सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, वर बोटभर माती. आठ महिने तिथे तव्यासारखा काळा दगड असतो. पाऊस लागला की त्या बोटभर मातीत नखाएवढी फुलं येतात, निळी, पांढरी, पिवळी. उभ्या माणसाला ती दिसत नाहीत. म्हणून हमीदभाई प्रत्येकाला सांगायचे, "वाका." माणूस वाकला की, "आनि वाका." शेवटी पोटावर पालथं पाडूनच सोडायचे. एका बड्या देणगीदाराची विजार तिथे मागून उसवली. तो देणगी न देता गेला. हमीदभाई म्हणाले, जाऊ दे, फुलं तर बघितली न्हवं.

असे लोक पालथे पाडून पाडूनच त्यांनी अकरा एकर सड्याचे पैसे जमवले. एखाद्याला वाटेल, संस्थेने या माणसाचा सत्कार केला असेल. केला. शाल दिली. त्यानंतर त्यांचं ऐकणं थांबवलं.

यंदा जूनमध्ये एका कारखान्याने दोन लाख देऊ केले. अट एकच, सड्यावर झाडं लावायची आणि फलक लावायचा. हमीदभाईंनी समजावलं की दगडावर झाड जगत नाही, आणि खड्डे पाडले की फुलंही जातात. सडा राखायचा म्हणजे तो आहे तसा ठेवायचा. अध्यक्ष म्हणाले, मोकळ्या दगडाचा फोटो काढून कोण पैसे देणार? ठरावाच्या बाजूने चार हात वर झाले. त्यात माझाही होता. त्या पैशातून शेजारचे तीन एकर येत होते आणि हिशोब बरोबर होता.

जुलैमध्ये ब्रेकरने दगड फोडून चारशे खड्डे पाडले. पाहुणे आले, फोटो झाले, नाश्ता झाला. पुढच्या आठवड्यात हमीदभाई टेम्पो घेऊन गेले आणि दोन दिवस भर पावसात एकेक रोप उपटून खड्डा बुजवत राहिले. फुलांची मुळं अजून शाबूत होती, खड्डे बुजवल्यावर पुढच्या वर्षी ती फुलतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बैठकीत ते कुणी विचारात घेतलं नाही. त्यांना विश्वस्तपदावरून काढायचं ठरलं. लेटरहेडवरचं नाव मात्र ठेवायचं, कारण देणगीदार त्यांनाच ओळखतात.

वसुलीला मला पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर दार अर्धंच उघडलं. आतून काहीतरी अडत होतं. अंग चोरून शिरलो आणि पाय कुठे ठेवावा ते कळेना. दुधाच्या पिशव्यांत, तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादलीत, सगळीकडे रोपं. जिन्यावर, मोरीत, कपाटावर. पलंगावर गुलमोहर झोपले होते. हमीदभाई रात्री दुकानातल्या बाकड्यावर झोपत होते.

"उपटली म्हणता सगळी," ते म्हणाले. "खुरप्यानं काढलीत, मुळं सांभाळून. ह्यांचा काय गुन्हा? ह्यास्नी कुनी इचारलं हुतं का, कुठं जायाचं म्हणून?"

शिव्या देत देत ते प्रत्येकाला तांब्याने पाणी घालत होते. मला म्हणाले, मुलगी रोज फोन करते, अब्बा, एकटं करमतं का विचारते. "म्हटलं, बाई, घरात पाय ठेवाय जागा न्हाय."

पैसे त्यांनी पाकिटात काढूनच ठेवले होते. रोपं जिवंत आहेत तर पैसे का देता, असं मी म्हटलं. तसं मी अध्यक्षांनाही फोनवर सांगून पाहिलं. ते म्हणाले, ठराव पैशांचा झालाय, रोपांचा नाही.

घरात रोपं किती दिवस राहणार? पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी ती टेम्पोत भरली आणि कागल रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत फुकट दिली. हमीदभाईंनी मालकाकडून कबूल करून घेतलं की, जिथे हातभर माती असेल अशाच ठिकाणी ही रोपं द्यायची. मालक प्रत्येक वाक्याला "व्हय की, चाचा" म्हणत होता.

सप्टेंबरमध्ये अध्यक्षांनी सड्यासाठी पुन्हा रोपं मागवली. टेम्पो आला तेव्हा मी तिथेच होतो. मागची फळी उघडली, तर आत तेलाचे तेच डबे आणि दुधाच्या त्याच पिशव्या. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "देसाई, बिल आहे ना? मग रोप कुठून आलं ते तुम्हाला कशाला?" ब्रेकर पुन्हा चालू झाला होता. सडा तेव्हा निळा होता, वाकायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी मी दुकानात जाऊन हमीदभाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता सड्यासाठी रडतील, नाहीतर मला बाहेर काढतील. त्यांनी हातातली काच पुसून खाली ठेवली.

"खजिनदार," ते म्हणाले, "उन्हाळ्यात त्यास्नी पानी कोन घालनार?"

पाण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. मी तसं सांगितलं. तेवीस हजार आठशे ऐंशी रुपये हमीदभाईंनी न्यासाला दिले होते. न्यासाने ते रोपवाटिकेला दिले.