शेकडा अठराची मोहीम, अर्थात खारदांड्याचा बोंबील मोजिला त्याची हकीकत

श्रीसमुद्र समर्थ. अंधेरी प्रांती सागरसाठा अनुमान कचेरी म्हणोन ठाणे आहे. तेथे बोंबलाविषयी जे घोर युद्ध जाहले, त्याची नोंद कचेरीच्या इतिवृत्तात "चर्चा झाली, अल्पोपहार झाला" इतकीच सापडते. पुढील पिढ्यांस समोसे ठाऊक व्हावे आणि मर्दुमकी बुडावी, हे मनास न साहोन सदरहू हकीकत लिहिली असे.

कचेरीचे मुख्य डॉक्टर मिहिरसाहेब, मोठे मातब्बर, वातानुकूलित दालनी विराजमान. समुद्र त्यांनी बहुतकरून पडद्यावर पाहिला. त्यांचे पदरी फ्लेविया घोन्साल्विस, मनोरी गावची, रोज तरीने खाडी उतरोन कचेरीस येणारी. संगणकात समुद्राची प्रतिमा रचोन मासळी किती उरली याचे गणित मांडावे, हे तिचे काम. त्या साली वरून खलिता आला की, खारदांडा कोळीवाड्यापुढील पाण्यात बोंबील पूर्वीच्या शेकडा किती उरला ते कळवणे. विसाहून कमी असल्यास तेथील जाळी दीड महिना बंद. मग मोजणीदार नारळी पौर्णिमेनंतर दर दुसऱ्या मंगळवारी, ऐसा चार वेळा खारदांड्याचे बंदरी गेला आणि चारही वेळा टोपल्या रित्या पाहोन आला. ते आकडे गणितात घातले आणि उत्तर आले, शेकडा अठरा.

परंतु फ्लेवियाबाईंनी खाली लिहिले की, मोजण्या चारच, सबब खरा आकडा आठापासोन साठापर्यंत कोठेही असू शकेल. हे वाचोन साहेबांची मुद्रा लाल जाहली.

"आठ ते साठ म्हणजे काय, फ्लेविया? चित्रकला स्पर्धेची वयोमर्यादा आहे का?"

"सर, आपल्याला नक्की माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"माहीत नाही असं वर कळवायचं? फॉर्ममध्ये एकच रकाना आहे, आणि तो फक्त आकडा घेतो."

आणि फर्मान सुटले की, अठराच लिहावे. बाईंनी तरीही रकान्यात "८ ते ६०" घालोन हल्ला केला. यंत्राने तांबडी अक्षरे दाखवोन तो परतविला. मग शेरा लिहू गेली, तो शेऱ्यास जागाच नाही. ऐसी शिकस्त होवोन अठराचा अंक रवाना जाहला, आणि आठवड्यात खारदांड्याच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: हरकती पंधरा दिवसांत कळवाव्या, पश्चात जाळी बंद.

खारदांडा खवळला. बोंबील सुकवण्याचा हंगाम तोंडावर आलेला. दीड महिना जाळी बंद म्हणजे वर्षाची सुकी मासळी गेली. तेथे अंजनाबाई म्हणोन साठीची कोळीण, वाणी ऐसी की बाजारात गिऱ्हाईक भाव न करिता निघोन जाई. तिचा धाकटा भाऊ महादू, बोटीचा तांडेल. अंजनाबाईने भाऊ आणि पंचवीस बायका बरोबर घेतल्या, मासळी आहे याचा पुरावा म्हणोन सकाळच्या बोंबलांची पाटी घेतली, आणि नऊ रिक्षांतून अंधेरीवर चाल केली. दरवाजावरील पहारेकऱ्याने प्रत्येकीची सही व येण्याचे कारण वहीत मागितले. सत्तावीस जणांचे कारण लिहोन घेता पाऊण तास गेला. कचेरीने लढा दिला तो इतकाच.

सभागृही मिहिरसाहेबांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखविले. अंजनाबाईने ते स्वस्थपणे पाहिले आणि विचारले, मोजणी कोणत्या दिवशी केली. फ्लेवियाबाईंनी चार तारखा वाचोन दाखविल्या. अंजनाबाई बोटांच्या पेरांवर तिथी मोजू लागली, मग थांबली.

"अवो डाक्तर, चारय दिस भांगाचे! अष्टमीच्या मागंपुढं पान्याला वढ नसते. आमची डोल जाली खुंटाला बांधलेली, ती वढीवरच भरतान. त्या दिसांला बोटी बंदरान उभ्या व्हत्या. उभ्या बोटीची मासली मोजली तुमी?"

साहेबांनी पाणी मागितले. बायकांनी टाळ्या पिटल्या. महादू तांडेल पुढे होवोन गर्जला, "म्हंजी मासली भरपूर हाय! लिवा तसा!"

तेव्हा फ्लेवियाबाई उठली.

"तसंही नाही लिहिता येणार, दादा. जास्त असेल, कदाचित अठराहून कमीही असेल. मला खरंच माहीत नाही."

साहेबही संतापले, महादूही संतापला. दोन्ही फौजांचा गनीम एकच जाहला. अंजनाबाई मात्र तिजजवळ जावोन उभी राहिली. मग तिने पुराव्याच्या पाटीत हात घातला आणि बोटाएवढा एक बोंबील काढोन साहेबांच्या टेबलावर ठेविला.

"महादू, खोटा नको बोलू. हा पोर हाय. असला जाल्यान आला तर आपला बा दर्यान परत टाकी. आपुन सुकवतो." आणि आवाज खाली आणोन, "मोठा गावतच नाय म्हनून सुकवतो."

हे खारदांड्यात सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

मग तह जाहला. बंदीस तूर्त स्थगिती. सहा आठवडे उधाणासही मोजावे आणि भांगासही, मोजणी बायकांनी करावी, फ्लेवियाबाईंनी बंदरी उभे राहोन लिहावे. तेणेप्रमाणे ती भल्या सकाळी पट्टी घेवोन बोंबलांची लांबी लिहू लागली, आणि पहिल्या दिवशी चिखलात चप्पल गमावोन बसली. अखेर गणिताने सांगितले: शेकडा बावीस ते अडतीस. जाळी खुली राहिली, परंतु धोका टळला ऐसे नव्हे; म्हणोन जाळ्याच्या शेपटीची, म्हणजे मासळी साचते त्या टोकाची, भोके मोठी करावी, बारीक मासळी निसटो द्यावी, ऐसे ठरले. महादू तीन आठवडे बहिणीशी बोलला नाही. जाळ्याची शेपटी मात्र गावात प्रथम त्यानेच बदलली. रकान्यात "ते" हा शब्द मावावा म्हणोन एकोणीस ईमेल धाडावे लागले. मिहिरसाहेबांनी पुढे एका परिषदेत, अनिश्चितता आपणच या प्रांती आणिली, ऐसे भाषण केले आणि शाल घेतली.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशीस, भर उधाणात, फत्ते जाहली. पडले कोणी नाही. रकाना एक जायबंदी. त्या दिवशी जो हुकूम निघाला त्यात लिहिले आहे की, खारदांड्यापुढे बोंबील नक्की किती हे आम्हास ठाऊक नाही, बावीस ते अडतीस असावा, पुढील वर्षी पुन्हा मोजू. "आम्हास ठाऊक नाही" या वाक्याखाली सरकारी सही आणि शिक्का, ऐसा कागद या प्रांती दुसरा नाही. अस्सल कागद डोळ्यांनी पाहोन नोंद केली असे.